एक टक्का की दोन? आष्टी तालुक्यातल्या एका पाणलोटाच्या पुनर्भरण-नोंदी

५ जून २०२३

बालाघाटच्या उतरणीवरून सीनेकडे जाणाऱ्या एका ओढ्याचं हे पाणलोट. एकूण क्षेत्र ८४० हेक्टर. २० टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगर हिशेबातून वगळायचा असतो, कारण तिथलं पाणी थांबतच नाही. तो वगळून ७२० हेक्टर उरतात. प्रश्न एकच आहे: एका पावसाळ्यात इथे पडलेल्यातलं किती पाणी विहिरींच्या खडकापर्यंत पोचतं, म्हणजे पुनर्भरण किती होतं?

पहिल्यांदा सुचणारी रीत म्हणजे वजाबाकी. पावसातून वाहून गेलेलं वजा करा, पिकांनी आणि उन्हानं उडवलेलं वजा करा, उरेल ते पुनर्भरण. कोकणात ही रीत कदाचित चालून जाईल. इथे वर्षाचा सरासरी पाऊस ६०० मिलिमीटरच्या घरात आणि त्यातला बहुतेक बाष्पीभवनातच जातो. बाष्पीभवनाचा अंदाज दहा टक्क्यांनी हुकला तर तो फरकच ४०–५० मिमीचा होतो, आणि शोधायचा आकडाही तेवढाच आहे. म्हणून वजाबाकी बाद. विहिरींची पातळी मोजायची, हे पक्कं केलं.

तिसेक विहिरी निवडल्या. प्रत्येकीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण केली, मोजायचं ते तिथूनच. बोअर मुद्दाम घेतले नाहीत. दोन-तीनशे फुटांवरचं बोअरचं पाणी वेगळ्या थरातलं असतं. त्याच्या चढउताराची या विहिरींशी सरासरी काढली तर दोन वेगळ्या पाण्यांची खिचडी होईल.

ओढ्याजवळच्या एका विहिरीत खडक स्वच्छ दिसतो. वर दोन हात काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, त्याच्या पायाशी वीतभर तांबडा गेरूसारखा थर आणि त्याखाली काळा पाषाण. जूनच्या सुरुवातीलाही तांबड्या थराच्या वर एक ओल टिकून आहे. मांजऱ्यात उतरलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि आडवं सरकत विहिरीत येतं. पाषाणाच्या बाजूला हात लावला तर कोरडा. एका विहिरीच्या भिंतीत सगळं पाणलोट वाचता येतं.

२६ जून

पाऊस उशिरा आला. पर्जन्यमापक शाळेच्या गच्चीवर न ठेवता मोकळ्या पटांगणात ठेवला. भिंतीच्या आडोशाला पाऊस कमी पडतो. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेशी जुळवून.

गळणी लावलेली दुसरी बाटली क्लोराइडसाठी; पावसातल्या या क्षारावरून पुनर्भरणाचा आणखी एक अंदाज काढता येतो. हिला झाकण नाही, मध्ये पाऊस नसताना बसणारी धूळही तिच्यात पडू द्यायची. धुळीतला क्षारही पुढे पावसाबरोबर जमिनीत जातोच, तो सोडला तर हिशेब कमी भरेल.

२७ जुलै

आतापर्यंतच्या बहुतेक सरी १०–१५ मिमीच्या. विहिरींची पातळी हललेली नाही. वर्षाचा एकूण पाऊस आणि पुनर्भरण यांचं नातं सरळ नसतं, ते इथे डोळ्यांसमोर आहे. खोल काळी माती मीटरभर जाडीत दीड-दोनशे मिमी पाणी स्वतःपाशी धरून ठेवते. ती तहान भागेपर्यंत खाली काही जात नाही.

याला एक अपवाद आहे, उन्हाळ्यात पडलेल्या भेगा. पहिल्या जोराच्या सरीचं पाणी काळ्या मातीच्या भेगांतून थेट खाली उतरतं, आणि मग माती फुगून भेगा मिटतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं देशात अनेक ठिकाणी जमिनीत ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार) सोडून पुनर्भरण मोजलं आहे. पावसाळ्याआधी मुळांच्या खाली ते टोचायचं आणि पावसाळ्यानंतर किती खाली सरकलं ते मातीचे नमुने काढून पाहायचं. रीत उत्तम आहे, पण ती मातीतून थराथरानं सरकणारं पाणी पकडते. भेगेतून निसटलेलं पाणी तिच्या हातात सापडत नाही. आमच्या निम्म्या शिवाराला ती लागू पडली नसती.

२ सप्टेंबर

ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. देशभराचा हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आहे. सोयाबीन आणि तूर वाचवायला लोकांनी विहिरींवर मोटरी सुरू केल्या. पावसाळ्यात उपसा! हा उपसा वेगळा लिहून ठेवावा लागणार, कारण पातळी जेवढी चढलेली दिसेल त्यात हे उपसलेलं पाणी नसेल. ते आधी मुरलं आणि मग निघून गेलं. मोटरी कुणी किती वेळ चालवल्या ते घरोघरी विचारून एकूण ४ हेक्टर-मीटर (एक हेक्टरावर मीटरभर उभं पाणी म्हणजे एक हेक्टर-मीटर) आलं, म्हणजे ७२० हेक्टरांवर पसरलं तर साधारण ६ मिमी.

२९ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात सलग तीन दिवसांत ९४ मिमी. याच पावसानं विहिरी हलवल्या. मुरमाड माळावरच्या विहिरींत दुसऱ्याच दिवशी फरक दिसला. खोल काळ्या रानातल्या विहिरींना आठ-दहा दिवस लागले. माळाची हलकी जमीन पिकाला वाईट म्हणून लोक तिला नावं ठेवतात, पण विहिरींना पाणी देणारी तीच आहे. नालाबांध कुठे घ्यायचे याची चर्चा होईल तेव्हा हे निरीक्षण पुढे ठेवायचं.

ओढ्याकाठच्या एका विहिरीत ओढ्याचं गढूळ पाणी थेट कठड्यावरून शिरलं. ती पातळी सरासरीतून काढली.

१८ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची पातळी घेतली. पहाटे, लाईट यायच्या आत. रात्रभर मोटर बंद असली तरच विहीर भरून स्थिर होते. टेपच्या टोकाला पोकळ तळाचं वजन बांधलं आहे. ते पाण्याला टेकलं की ‘डुबुक’ असा नेमका आवाज येतो आणि अंधारातही सेंटिमीटरपर्यंत वाचन मिळतं.

सरासरी चढ ३.४ मीटर. जून ते ऑक्टोबर पाऊस ४३० मिमी.

आता खरी अडचण. विहिरीत पाणी ३.४ मीटर चढलं, पण खडकात तेवढं पाणी नाही. खडकाच्या फटींत आणि छिद्रांतच पाणी असतं, आणि त्यातलंही गुरुत्वानं निथळून येईल तेवढंच आपलं. या टक्क्याला भूजलवाले स्पेसिफिक यील्ड म्हणतात. केंद्राच्या भूजल अंदाज समितीनं १९९७ मध्ये जो तक्ता दिला त्यात झिजलेल्या, सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसाल्टसाठी (म्हणजे आपल्या काळ्या खडकासाठी) हा टक्का १ ते ३, आणि शिफारस २ ची.

३.४ मीटरला १ टक्का लावला तर ३४ मिमी, २ ला ६८, ३ ला १०२. खरिपातला ६ मिमी उपसा मिळवला की ४०, ७४ आणि १०८. तीच विहीर, तोच टेप, तोच पाऊस. उत्तर अडीच पटींहून जास्त हलतं. ४० मिमी असेल तर गावाकडे २९ हेक्टर-मीटर पाणी आहे, १०८ असेल तर ७८. पहिल्या आकड्यात रब्बीची ज्वारी आणि जेमतेम गहू होईल. दुसऱ्यात लोक ऊस लावायला धजावतील.

समितीच्या रीतीत यावर एक लगाम आहे. पावसाचा ठरावीक टक्का मुरतो असं धरून वेगळा आकडा काढायचा: सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसाल्टला १३ टक्के, झिजलेल्या बेसाल्टला ७. आमच्याकडे दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश अशी वाटणी केली तर ११ टक्के, म्हणजे ४७ मिमी. पातळीवरून आलेलं उत्तर याच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वर गेलं तर ते धरायचं नाही, ४७ च्या १.२ पटीवर थांबायचं. ७४ बाद, ५७ मिमी कायम. (समिती हे सामान्य पावसाला जुळवून घेऊन करते; इथे यंदाच्या पावसावर ढोबळ केलं आहे.)

तालुक्याच्या पातळीवर हा लगाम शहाणपणाचा आहे. पण गावाला सांगताना ‘तक्त्यात असं लिहिलंय’ एवढं पुरत नाही. आमच्या खडकाचा टक्का आमच्याच खडकाला विचारायला हवा.

२९ नोव्हेंबर

तो विचारायची रीत आहे, आणि ती मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पावसाळा संपला की खडकात नवीन पाणी येणं थांबतं. पुढचे सहा महिने पातळी उतरते ती मुख्यतः आपल्या उपशानं. किती पाणी उपसलं ते मोजलं आणि पातळी किती उतरली ते मोजलं, की भागाकार करून खडकाचा टक्का बाहेर येतो. तोच टक्का मग पावसाळ्यातल्या चढाला लावायचा. हैदराबादजवळच्या महेश्वरम पाणलोटात, ५३ चौरस किलोमीटरच्या ग्रॅनाइटच्या मुलखात, भारतीय आणि फ्रेंच संशोधकांनी हेच केलं होतं. कठीण खडक, शेतीचा मोठा उपसा, कोरडं हवामान. आमच्यासारखीच स्थिती.

मोजणी नोव्हेंबरपासून सुरू करणार होतो, पण २६ पासून अवकाळी आणि गारपीट झाली. जमीन ओली झाली, कांद्याची रोपं झोपली. विहिरी मात्र हलल्या नाहीत. तरी धोका नको म्हणून हिशेब १ डिसेंबरपासून. ऑक्टोबरच्या पातळीपेक्षा पाणी तोवर ०.६ मीटर उतरलं आहे.

१७ जानेवारी २०२४

उपसा मोजणं हे हाडं खिळखिळी करणारं काम आहे. चालू विहिरी नव्वदच्या आसपास. डिसेंबरात पाच अश्वशक्तीची मोटर २०० लिटरचं पिंप ४५ सेकंदांत भरत होती. तासाला सोळा घनमीटर. पाणी खाली जाईल तसा हा वेळ वाढतो, म्हणून दर महिन्याला पुन्हा पिंप लावायचं.

तास मोजणं त्याहून अवघड. लाईट आठ तास असते म्हणून आठ तास धरले तर सगळा हिशेब कोसळेल. विहिरीत पाणीच तेवढं नसतं. आत्ताच बऱ्याच ठिकाणी दोन-अडीच तासांत मोटर हवा धरते. काही स्टार्टरांवर तास मोजणारे मीटर बसवले, बाकीच्यांकडे वही. वह्या बहुतेक घरांत बायका भरतात आणि त्या नेमक्या भरतात. एका वहिनींनी लाईट गेलेली, पुन्हा आलेली, मोटर जळालेली, सगळं वेळेसकट लिहिलं आहे. या नोंदींवर मी डोळे झाकून विसंबतो.

शेततळ्यांचा वेगळा रकाना करावा लागला. प्लास्टिक अंथरलेली शेततळी पावसानं नाही, विहिरीच्या पाण्यानं भरतात. डाळिंबवाल्यांना मे महिन्याची खात्री हवी असते, त्यांचं चुकत नाही. पण ते पाणी खडकातून काढून उन्हात ठेवलेलं असतं. त्यातलं उडून जाईल ते गेलंच, आणि ठिबकानं दिलेलं पुन्हा खाली मुरत नाही. साध्या पाटपाण्याला समितीच्या तक्त्याप्रमाणे २५ टक्के परत मुरतं असं धरता येतं, कारण इथे पाणी दहा मीटरच्या आत आहे. शेततळ्याला आणि ठिबकाला मी शून्य धरलं.

२० फेब्रुवारी

क्लोराइडचे नमुने तपासून झाले. कल्पना सोपी आहे. पावसाबरोबर थोडं क्लोराइड येतं. पाणी उडून जातं, क्लोराइड उडत नाही. जमिनीत जेवढं पाणी उडेल तेवढं खाली पोचणारं पाणी खारट होत जातं. पावसातलं क्लोराइड भागिले विहिरीतलं क्लोराइड, म्हणजे पावसाचा मुरलेला हिस्सा. प्रयोगशाळेतही फार काही लागत नाही: सिल्व्हर नायट्रेट, पोटॅशियम क्रोमेट आणि पिवळ्याचं विटकरी होईपर्यंत थेंब मोजायचा धीर.

पावसात लिटरला १.८ मिलिग्रॅम. माळावरच्या, शेतांच्या वरच्या अंगाच्या विहिरींत ३० ते ४५. म्हणजे पावसाच्या ४ ते ६ टक्के. सरासरी ६०० मिमी पावसावर २४ ते ३६ मिमी. ही अनेक वर्षांची सरासरी आहे, त्यात दुष्काळही आले, म्हणून ती कमी भरणं साहजिक आहे. त्यातही वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर थोडं क्लोराइड निघून जातं, तेव्हा खरा आकडा आणखी खाली असू शकतो.

खालच्या बागायतीतल्या विहिरींत मात्र ११० ते १८०. तिथे ही रीत लावायचीच नाही. कारण खताच्या पोत्यात आहे. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं. पन्नास किलोच्या पोत्यात २४ किलोच्या आसपास. ४३० मिमी पावसानं एका हेक्टरावर आणलेलं क्लोराइड आठ किलोंच्याही आत. हेक्टरी एक पोतं टाकलं की तीन पावसाळ्यांचं क्लोराइड एका दुपारी शेतात येतं. गोठ्यांजवळच्या विहिरींचंही तेच. कोरड्या भागात क्लोराइडची रीत फार वापरली जाते आणि ती वापरावीच, पण विहिरीच्या वरच्या अंगाला काय पिकतं हे पाहिल्याशिवाय नको.

३१ मार्च

पिंप भरायला साठ सेकंद लागायला लागले. बऱ्याच मोटरी तासाभरातच हवा धरतात. पाणी येईल तसं थांबून थांबून उपसायचं. उन्हाळी कांद्याचं शेवटचं पाणी अडलं आहे. ओढा डिसेंबरातच आटला. तोवर त्यातून गेलेलं पाणी ओढ्यात आडव्या लावलेल्या खाचेच्या फळीवर मोजून २ हेक्टर-मीटर धरलं आहे.

ओट्यावर तात्या विचारत होते, “सर, हे सगळं मोजून पाणी वाढणार आहे का?” मी म्हटलं, “नाही तात्या. पण पुढच्या दिवाळीला कांदा किती लावायचा ते कळेल.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग एकच आकडा सांगा. इथून तिथपर्यंत म्हणालात तर प्रत्येक जण तिथपर्यंतच धरील.” हे बोलणं मी गंभीरपणे घेतलं आहे. पट्टा सांगणं प्रामाणिक आहे, पण माणूस त्यातलं आपल्या सोयीचं टोक उचलतो, हेही तितकंच खरं.

३ जून

पावसाच्या आधीची पातळी. १ डिसेंबरपासूनचा सरासरी उतार ३.९ मीटर.

उपशाची बेरीज: एकूण ४१ हेक्टर-मीटर. पाटपाण्यानं दिलेलं त्यात २० होतं, त्यातलं ५ परत मुरलं. राहिले ३६. ओढ्याचे २ मिळवून ३८. खडकाचं घनफळ ७२० गुणिले ३.९, म्हणजे २८०८ हेक्टर-मीटर. भागाकार १.३५ टक्के.

उपशाच्या मोजणीत वीस टक्के इकडेतिकडे असू शकतं. तेवढी सूट दिली तर टक्का १.१ ते १.६ च्या मध्ये राहतो. तक्त्यातल्या १ ते ३ पेक्षा हा पट्टा खूप अरुंद आहे, आणि शिफारशीचा २ त्याच्या बाहेर पडतो. पाषाणाचं प्रमाण आणि मांजऱ्याच्या छिद्रांत भरलेली पांढरी खनिजं पाहता हे पटण्यासारखं आहे. खडक दिसतो सच्छिद्र, पण बरीच छिद्रं बुजलेली आहेत.

हा टक्का २०२३ च्या चढाला लावला: खरिपाच्या उपशासह ४३ ते ६० मिमी, मधला आकडा ५२. हेक्टर-मीटरमध्ये ३१ ते ४३. लगाम लावून आलेला ५७ या पट्ट्यात बसतो, पण वरच्या टोकाला. क्लोराइडचा आकडा पट्ट्याच्या खाली आहे. दोन्ही एकत्र वाचले तर कल खालच्या टोकाकडे जातो.

आणखी एक गोष्ट, जिला कुठलाही टक्का लागत नाही. गेल्या जूनच्या लाल खुणेपासूनच्या वाचनाशी आजचं वाचन ताडून पाहिलं तर पाणी १.१ मीटर खाली आहे. चढलं ३.४, उतरलं ०.६ आणि ३.९. म्हणजे जमेपेक्षा खर्च जास्त झाला, हे टेप आणि कागदावर स्वच्छ आहे. टक्का फक्त किती ते सांगतो: ९ ते १३ हेक्टर-मीटर.

१६ जून

लोकसभेचं बीडचं मतदान १३ मे ला झालं, पण आचारसंहिता निकालानंतरच उठली, म्हणून बैठक आज. मारुतीच्या पारावर, पाऊस पडून गेल्यावर. बाया भरपूर आल्या होत्या, वह्या त्यांच्याच असल्यामुळे.

तात्यांचं ऐकून मी एकच आकडा पुढे ठेवला, खालचा: ३१ हेक्टर-मीटर. वरचा आकडा लपवला नाही, तो फलकावर बाजूला लिहिला आणि त्याखाली लिहिलं, ‘हे पाणी सापडलं तर पिण्यासाठी आणि जनावरांसाठी’. एवढ्यावर बराच वेळ वाद झाला. एका तरुण डाळिंबवाल्याचं म्हणणं होतं की चांगल्या वर्षी आपण विनाकारण कमी लावू. बरोबर आहे त्याचं. म्हणून असं ठरलं की ऑक्टोबरमध्ये पातळी घेऊन आकडा पुन्हा मांडायचा आणि रब्बीचं क्षेत्र तेव्हाच पक्कं करायचं. हिवरेबाजारला अनेक वर्षं पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरतात. त्याचा दाखला दोघा-तिघांनी स्वतःहून दिला.

तुटीचं काय करायचं, हा प्रश्न महिलांनी लावून धरला. दहा-अकरा हेक्टर-मीटर म्हणजे काय ते मी पिकात सांगितलं: उन्हाळी कांद्याला हंगामभर ५०–६० सेंटिमीटर पाणी लागतं, तेव्हा चाळीस ते पन्नास एकर उन्हाळी कांदा. कुणाचा कांदा कमी करायचा हे आज ठरलं नाही. ठरेल असं मला वाटतही नव्हतं. पण विहिरीच्या पाण्यानं शेततळं भरायचं असेल तर आधी ग्रामसभेत सांगायचं, एवढं हात वर करून मंजूर झालं.

पुढच्या हंगामाची कामं: माळावरच्या आणखी सहा विहिरींवर खुणा करायच्या. मोठा पाऊस झाल्यावर महिन्याची वाट न पाहता तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी वाचन घ्यायचं. पाझर तलावाच्या खालच्या विहिरींची सरासरी वेगळी काढायची. तलावातून मुरलेलं आणि थेट पावसातून मुरलेलं पाणी आत्ता एकाच आकड्यात आहे. क्लोराइडची बाटली आज दुपारी लावली. वह्या संपल्यात, आष्टीहून दोन डझन आणायच्या.